समेवरची टाळी

रविवारी दुपारी जेवणं उरकून आईचे हात भांड्यांत असायचे, आणि नेमका तेव्हाच दादाचा फोन यायचा. तो उचलायला हॉलमध्ये बाबा एकटेच असत. चष्मा कपाळावर सरकवून ते फोन कानाशी धरायचे, "हां, बोल. ठीक ना सगळं? थांब, आईला देतो," एवढं एका दमात म्हणायचे आणि हात लांब करून फोन स्वयंपाकघराकडे धरायचे. आई ओले हात गाऊनला पुसत यायची, तोवर तो हात तसाच हवेत ताटकळलेला असे. पुढे मला कळलं की आपल्याकडच्या अर्ध्याअधिक बापांची मुलांशी फोनवर बोलायची तऱ्हा हीच असते. आमच्याकडे मात्र त्यामागे कैक वर्षांचा अबोला होता. माझा भाऊ निखिल, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, इंग्लंडात शेफील्डला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून एका बँडमध्ये गायला लागला. त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी ह्या एका वाक्यापलीकडे बोलले नव्हते.

आम्ही सिंगापूरला, क्वीन्सटाउन भागात, एका जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. बाबांचं ऑफिस अलेक्झांड्राला, चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्याहून कंपनीनेच त्यांना इथे धाडलं होतं, आणि दर खेपेला कामाचा पास रिन्यू होईपर्यंत आई घरात साधं कपाटसुद्धा घेऊ द्यायची नाही. "आधी पास हातात येऊ दे, मग बघू," हे तिचं पालुपद. खिडकीखालून एमआरटीची मेट्रो जायची, समोरच्या ब्लॉकमधून माहजोंग ह्या चिनी खेळाच्या सोंगट्यांचा खडखडाट यायचा, कुणाकडे तरी सुकी मासळी तळत असायची, आणि ह्या सगळ्यात संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बाबांचं गाणं लागायचं. बाबा स्वतः गायचे नाहीत, वाजवायचे नाहीत. ते ऐकायचे. डोळे मिटून, उजवा हात मांडीवर ठेवून, अंगठ्याने बोटांची पेरं मोजत मात्रा धरायचे, आणि गवई फिरून समेवर आला की खालच्या आवाजात "वा" म्हणायचे. ती "वा" कधी अर्धी मात्रा इकडे नाही, की तिकडे नाही. आयुष्यात त्यांनी अभिमान धरला तो ह्या एकाच गोष्टीचा. ऑफिसातल्या बढतीबद्दलही ते कधी इतक्या खुशीत बोलले नाहीत. भलत्या जागी दाद देणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा. एका बऱ्यापैकी स्नेह्याशी त्यांनी एवढ्याचसाठी येणंजाणं कमी केलं होतं, असं आई म्हणायची.

दादाला लहानपणी त्यांनी तबल्याला घातलं होतं. दर शनिवारी स्वतः घेऊन जायचे आणि क्लास संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहायचे. दादाचा हात चांगला होता. मग त्याला मिसरूड फुटलं, गिटार आली, मित्र आले, आणि एके दिवशी आमच्या बाथरूममधून असा आवाज आला की आई हातातलं लाटणं घेऊन धावली. दादा किंचाळण्याचा रियाज करत होता. रियाजच म्हणायचा तो. पोटातून, घसा न फाडता, तासभर टिकेल असं ओरडणं ही शिकण्याची गोष्ट आहे, हे त्याने आम्हाला समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घसा देवाने दिलाय तो गाण्यासाठी. ओरडायला बाजार आहे." त्यानंतर शनिवारचा तबला सुटला आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

दादाच्या बँडचं नाव होतं पेपर कॉलिअरी, म्हणजे कागदाची कोळशाची खाण. "हे काय नाव झालं? कागद तरी खाणीतून निघतो का?" असं आईने विचारलं तेव्हा दादा फोनवर इतका हसला की तिला फार बरं वाटलं. ते लोक जे वाजवायचे त्याला पोस्ट-हार्डकोअर म्हणायचे, प्रोग्रेसिव्हही म्हणायचे. दुकानांत ते ठेवत नसत आणि रेडिओ वाजवत नसे. एकेक गाणं दहा-बारा मिनिटांचं, मध्येच ताल बदलणारं, कधी कुजबुजणारं आणि पुढच्या क्षणी अंगावर येणारं. ते पबच्या माडीवर वाजवायचे, बंद पडलेल्या गिरणीत वाजवायचे, एकदा पोलंडमध्ये एका जलतरण तलावात, पाणी काढून, वाजवून आले. एका जुन्या व्हॅनमध्ये चौघं आणि सगळं सामान, आणि झोपायचं ऐकायला आलेल्या कुणाच्या तरी घरी, जमिनीवर. बेस वाजवणारा गॅरेथ वेल्सचा, लालबुंद दाढीचा; तो आणि दादा मिळून गाणी रचायचे. ड्रमर डॅन, गिटारवाला लूक, आणि दादा गाताना कीबोर्डही वाजवायचा. त्यांच्या दोन रेकॉर्ड निघाल्या, दोन्ही त्यांनीच काढल्या, आणि कुठे स्वीडनमध्ये, कुठे जपानमध्ये मूठभर वेडी पोरं त्या तोंडपाठ करून बसली. आई फेसबुकवर त्यांचे फोटो बघायची. घामाने निथळलेला, डोळे पांढरे झालेला दादा, आणि खाली आईची कमेंट, "छान. जेवण वेळेवर घेतोस ना?" मुलं त्या कमेंटला शेकड्यांनी लाइक द्यायची आणि आईला वाटायचं, आपल्या मुलाला लोक किती मानतात.

मला ते संगीत आवडायचं का? खरं सांगायचं तर आधी नाही आवडलं. दादा आवडायचा म्हणून ऐकलं, आणि ऐकता ऐकता कान तयार झाला. शाळेतल्या मैत्रिणी सिंगापुरी इंग्रजीत म्हणायच्या, "युअर ब्रदर व्हेरी अँग्री लाह." मला तो रागावलेला कधीच वाटला नाही. एवढ्या मोठ्याने ओरडूनही एका माणसाला ऐकू जात नाही, म्हणून रडकुंडीला आल्यासारखा वाटायचा. तो माणूस रोज माझ्यासमोर बसून ताक-भात खायचा आणि मला गणितात किती मार्क पडले ते विचारायचा.

मी सोळा वर्षांची असताना दादाचा घसा बिघडला. घशात गाठी झाल्यात, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर असं ओरडता येणार नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास बँडला जपानपासून सिंगापूरपर्यंतचा छोटा दौरा मिळाला होता. दादाने ऑपरेशन पुढे ढकललं. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम सिंगापूरला, आणि तिथे ते एक नवीन, वीस-बावीस मिनिटांची रचना पहिल्यांदा वाजवून तिथल्या तिथे रेकॉर्ड करणार होते. तीच त्यांची तिसरी रेकॉर्ड. हे त्याने मला सांगितलं ते ईस्ट कोस्टच्या पार्कात. चौघेही आमच्याच हॉलमध्ये गाद्या टाकून उतरले होते आणि संध्याकाळी आम्ही दोघं समुद्राकडे फिरायला गेलो होतो. त्याचा आवाज बोलताना चिरकत होता, म्हणून तो जपून, थांबून थांबून बोलत होता.

"गॅरेथला नोकरी लागलीय," तो म्हणाला. "त्याने अजून हो म्हटलं नाहीये. हे एक नीट झालं ना, तर रेकॉर्ड निघेल, माझा घसा सावरेपर्यंत बँड तग धरेल. मग मी वेगळ्या तऱ्हेने गाईन. नाही झालं तर संपलं. हे पुन्हा गायला माझ्याकडे घसाच नाहीये. एकदाच होईल."

"मग जपून गा," मी म्हणाले. सोळाव्या वर्षी माणूस असले सल्ले देतो.

"आणि एक. ते बाबांसाठी आहे."

मग त्याने मला ती रचना समजावली. पहिला भाग सगळा ओरडण्याचा. इतक्या वर्षांत बाबांना जे जे म्हणायचं होतं ते सगळं त्यात, वाईटातलं वाईटसुद्धा. तो भाग सात मात्रांत, आणि शेवटी तिहाई. एकच तुकडा तीनदा, तिसऱ्यांदा बरोबर समेवर. "बाबांना कळेल बघ," असं म्हणताना त्याचा चेहरा शनिवारच्या क्लासमधून बाहेर आलेल्या पोरासारखा झाला होता. त्यानंतर शांतता. लांब, अवघडायला होईल इतकी लांब. कुणी हलायचं नाही, तारेला बोट लावायचं नाही. आणि मग दुसरा भाग, अगदी हळू, चौघं मिळून मराठीत एकच ओळ म्हणत राहतात: थांब, आईला देतो. आधी चेष्टेसारखी, मग विनवणीसारखी, आणि शेवटी शेवटी पाळणा म्हणतात तशी. पहिल्या भागात घातलेलं सगळं दुसऱ्यात परत घेतलेलं होतं. "शांतता कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "सांगितली की लोक ती संपायची वाट बघत बसतात. बाबांना तर मुळीच नाही." मी मान डोलावली.

बाबा ऑफिसला गेले की आमच्या हॉलमध्ये त्या ओळीची तालीम चालायची. तीन गोरे मुलगे जमिनीवर मांडी घालून बसलेले, आणि मी त्यांची मास्तरीण. लूकला "थांब" जमता जमेना, तो "टांब" म्हणायचा. डॅन "आईला" इतकं लाडाने म्हणायचा की आई स्वयंपाकघरातून "काय रे?" म्हणून ओ द्यायची आणि सगळे हसून लोळायचे. आईला गाण्याचं काही माहीत नव्हतं, पोरं मराठी शिकतायत एवढंच ठाऊक. तिने त्यांना थालीपीठ घातलं, साबुदाण्याची खिचडी घातली. गॅरेथ मेतकूट-भातावर असा काही तुटून पडला की तिने डबाच त्याच्या पिशवीत भरून ठेवला. दादासाठी मात्र वेगळं चाले. हळदीचं दूध, खडीसाखर, गरम पाणी. एका सकाळी टेबलावर दादाच्या कपाशेजारी ज्येष्ठमधाची पुडी दिसली. आईला वाटलं मी आणली, मला वाटलं आईने आणली. आदल्या संध्याकाळी बाबा लिटिल इंडियातल्या बाजारात जाऊन आले होते. पुडी कुणी आणली हे कुणीच बोललं नाही आणि दादा दिवसभर ज्येष्ठमध चघळत राहिला.

बाबा कार्यक्रमाला येणार की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आईने तो आपल्या पद्धतीने सोडवला. दिवाळी पहाट आणि कोजागिरी करणारा आमचा पंधरा-वीस कुटुंबांचा एक ग्रुप होता. आईने त्यावर मेसेज टाकला: निखिल आणि त्याच्या इंग्लंडच्या मित्रांचा गाण्याचा कार्यक्रम, रविवार दुपार, सहकुटुंब यावे. आता इतके लोक येणार म्हटल्यावर बाबांना घरी बसणं शोभणार नव्हतं. दादाला हे कळलं तेव्हा त्याने आधी डोक्याला हात लावला आणि मग म्हणाला, "येऊ देत. बाबा येत असतील तर साऱ्या गावाला आण."

जागा म्हणजे कारखान्यांच्या एका जुन्या इमारतीतला वरच्या मजल्यावरचा हॉल, सामानाच्या लिफ्टने जायचं. ती जागा आणि कार्यक्रम सांभाळणारा मुलगा वेई-जिए, सिंगापूरच्याच हौगांग भागातला. त्याने पेपर कॉलिअरीला पत्रांवर पत्रं पाठवून इथे आणलं होतं. आई तासभर आधीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खुर्च्या कुठे आहेत म्हणून विचारू लागली.

"आंटी, नो चेअर लाह. एव्हरीवन स्टँड वन." त्याचा आवाज अगदी अजिजीचा होता.

"स्टँड? अरे, जोशी काकूंचे गुडघे!" आई मराठीतच म्हणाली, आणि तो बिचारा खालच्या मजल्यावरच्या वर्कशॉपमधून प्लास्टिकच्या खुर्च्या उचलून आणू लागला. पुढच्या तीन रांगा खुर्च्यांच्या, त्यात पैठण्या आणि इस्त्रीचे झब्बे. त्यांच्या मागे काळ्या टी-शर्टातली शंभरेक मुलंमुली, उभी. वेई-जिएने कानात घालायचे फोमचे बोळे वाटले. काकूंनी ते उलटेसुलटे करून पाहिले, एकीने पर्समध्ये ठेवले. बाबांनी घेतले नाहीत. "ऐकायला आलोय," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेत, मधोमध, उजवा हात मांडीवर ठेवून बसले. मी मागच्या कोपऱ्यात, दाराजवळच्या उंचवट्यावर, रेकॉर्ड आणि टी-शर्टांच्या टेबलामागे उभी होते; तिथून पहिली रांग तिरकी दिसायची.

पहिली काही गाणी झाली. काकूंचे चेहरे मला मागून दिसत नव्हते, पण पाठी दिसत होत्या, आणि पाठीसुद्धा बोलतात. प्रत्येक गाण्यानंतर त्या सगळ्या जणी न चुकता टाळ्या वाजवत होत्या, शाळेच्या गॅदरिंगला वाजवतात तशा. मग दादाने माइकवर सांगितलं की शेवटची रचना नवी आहे, लांब आहे, आणि कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. घसा वाचवण्यासाठी तोवरची गाणी तो निम्म्या आवाजात गायला होता, हे मला ती रचना सुरू झाल्यावर कळलं. तो आवाज मी नंतर कुठल्याही माणसाच्या अंगातून निघालेला ऐकलेला नाही. शब्द कुणालाच लागत नव्हते, मला मात्र सगळे माहीत होते, आणि मी टेबलाची कड धरून उभी होते. बाबा हलले नव्हते. डोळे मिटलेले आहेत हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. आणि मग मला त्यांचा अंगठा दिसला. तो बोटांच्या पेरांवरून फिरत होता. ते मात्रा धरत होते. त्या सगळ्या गदारोळात त्यांनी सात मात्रा शोधून काढल्या होत्या आणि घट्ट धरल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आपल्या मुलाचं ऐकत होते.

तिहाई आली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि चौघं एकदम समेवर येऊन थांबले. मागच्या काळ्या टी-शर्टांनी श्वास रोखला. दादाचे हात कीबोर्डच्या वर तसेच थांबलेले, डोळे खाली. शांतता सुरू झाली. ती इतकी पूर्ण होती की छतावरच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली. गॅरेथचं तोंड "थां"साठी उघडून तयार होतं, हे मी इतक्या लांबून पाहिलं.

आणि बाबांनी टाळी वाजवली.

चूक त्यांची कशी म्हणू? त्यांनी आयुष्यभर जे ऐकलं त्यात तिहाई घेऊन समेवर आलं, वादक थांबला, की चीज संपते, आणि त्या क्षणी दाद न देणं हा कलाकाराचा अपमान. ते उभे राहिले. "वा! क्या बात है!" असं ते मोठ्याने म्हणाले, घरी कधी म्हणायचे नाहीत इतक्या मोठ्याने. हात डोक्याच्या वर नेऊन ते टाळ्या वाजवत होते. त्यांच्यामागे जोशी काका उठले, मग सगळ्या पैठण्या उठल्या. मागची मुलं एकमेकांकडे बघू लागली आणि मग तीही गोंधळून टाळ्या वाजवू लागली. स्टेजवर तिघं पुतळ्यासारखे उभे होते. गॅरेथ दादाकडे बघत होता, मानेने किंचित खुणावत होता: थांबू, ओसरू दे, मग जाऊ पुढे. जाता आलं असतं. टाळ्या किती वेळ चालणार? पण दादाने मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. ज्या माणसाने जन्मात कधी भलत्या जागी दाद दिली नाही, तो भरल्या सभेत पहिली टाळी देऊन उभा होता. दादाने पुढे गायला सुरुवात केली असती, तर त्या माणसाला तिथेच, आपल्या सगळ्या माणसांसमोर, आपली चूक कळली असती.

दादाने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. माइकशी जाऊन त्याने "थँक यू" म्हटलं आणि वाकून नमस्कार केला. जोशी काकांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. तो आईच्या ग्रुपने गुपचूप ठरवलेला सत्कार होता. ते स्टेजच्या कडेने चढले, दादाच्या घामेजल्या खांद्यांवर त्यांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी थांबले. त्या फोटोत मागे गॅरेथ आहे. बेस गळ्यात, हात लोंबकळते, आणि चेहरा मढ्यासारखा. कोपऱ्यातला लाल दिवा अजून चालूच होता.

नंतर लिफ्टजवळ, सामानाच्या पेट्यांमध्ये, मी त्यांचं बोलणं ऐकलं. गॅरेथचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त भीतिदायक होतं. लोक अजून आहेत, तो म्हणत होता, आपण त्यांना नीट समजावून सांगू, पुन्हा पहिल्यापासून वाजवू. आत्ताच्या आत्ता. तुझा घसा आणखी एकदा निभावेल, फाटला तर फाटला. दादा नुसता मान हलवत राहिला. "ते गाणं त्यांच्यासाठीच होतं ना?" गॅरेथने विचारलं. "मग त्यांना ते अर्धंच ऐकवायचं? आणि आम्ही कशासाठी आलो इथे, इतकी वर्षं घालवून?" दादाने शालीच्या टोकाने तोंड पुसलं. "मी त्यांना सांगू शकत नाही," एवढंच तो म्हणाला. गॅरेथने वाकून बेसची पेटी बंद केली. डॅन आणि लूक आधीच लिफ्टमध्ये जाऊन उभे होते. त्या दिवशी तिघेही आमच्याकडे परत आले नाहीत. वेई-जिएकडे उतरले आणि सकाळी तिथूनच विमानतळावर गेले. त्यांच्या पिशव्या मी त्याच रात्री तिथे पोचत्या केल्या.

पेपर कॉलिअरी नावाच्या बँडने त्यानंतर एकही सूर लावला नाही. गॅरेथने नोकरी धरली. रेकॉर्डिंग कुणी बाहेर काढलं नाही. दादाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा घोगरा होऊन तसाच राहिला. गाणं तर सोडाच, त्याला रस्त्यात कुणाला लांबून हाकसुद्धा मारता येत नाही. शेफील्डला तो हीटिंगच्या सामानाच्या गोदामात काम करतो. कान शाबूत आहेत, पण घरात संगीत लावत नाही. आई गेली, बाबा तिच्याही आधी गेले, आणि मी हे लिहितेय ते आता कुणाला दुखावण्याची भीती उरली नाही म्हणून. त्याने केलं ते बरोबर केलं का? बापाचा मान राखायला त्याने आपलं अख्खं आयुष्य गिळलं, आणि ज्याच्यासाठी गिळलं त्याला जरासा पत्ताही लागला नाही. लोक ह्याला प्रेम म्हणतील. म्हणोत. दुसरा भाग ऐकलेली ह्या जगात मी आणि ते तिघं, एवढीच माणसं आहोत, आणि दादा तर तो विसरण्याच्याच खटपटीत असतो. कधीकधी मला वाटतं, त्या दिवशी मीच मागून ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ओरडणं आमच्या घरात एकालाच येत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघंच जेवायला बसलो. आईने पाहुण्यांच्या अंदाजाने केलेला मसालेभात पातेलंभर उरला होता आणि ती तो सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. तिघं अचानक का गेले, ह्यावर दादाने विमान लवकर आहे असं काहीतरी सांगितलं. बाबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. ते बोलत होते. कितीतरी वर्षांनी ते जेवताना दादाशी बोलत होते. सात मात्रांबद्दल, तिहाईबद्दल, तुकडा शेवटी कसा अंगावर येऊन कोसळला त्याबद्दल. "तुमच्या त्या ड्रमवाल्याला लय कळते हो," ते म्हणाले. "आणि तू. तू तर..." त्यांनी दादाच्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला. दादा खाली मान घालून जेवत होता. घास गिळताना त्याला त्रास होतोय हे मला दिसत होतं, पण तो प्रत्येक घास गिळत होता.

हात धुवून आल्यावर बाबा त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबले. खांद्यावर हात ठेवावा की ठेवू नये, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"निखिल, पुढचा कार्यक्रम कधी आहे तुमचा?" त्यांनी विचारलं. "आधी कळव. मी रजा टाकतो."

दादाने ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपलं.

"कळवतो, बाबा," तो म्हणाला.